पारंपरिक धनुष्याला क्लिकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात तिरंदाजी शिकणाऱ्यांना क्लिकर पहिल्यांदा दिसतो तो ऑलिंपिक पद्धतीच्या रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्यावर. लाकडी लाँगबो, बांबूचं धनुष्य किंवा साधा रिकर्व्ह वापरणारी मंडळी त्याच्याकडे वळतात तेव्हा त्यांचे प्रश्न वेगळे असतात. मैदानावर पुन्हा पुन्हा निघणारे हे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमागे माझं एक ठाम मत आहे, ते आधीच सांगतो. आधी तुमची ओढ (ड्रॉ लेंथ), म्हणजे दोरी किती मागे खेचता ती लांबी, ठरू द्या, मग तिच्या मापाने क्लिकर लावा. उलट क्रमाने केलं तर हे छोटंसं साधन वर्षभराची मेहनत बिघडवू शकतं.

क्लिकर म्हणजे नेमकं काय?

धनुष्य ठरलेल्या लांबीपर्यंत ओढलं गेलं की ‘टक्’ असा आवाज करणारं साधन. त्याला बॅटरी नसते, वायर नसते. रिकर्व्हवर स्प्रिंग स्टीलची पातळ पट्टी रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाला, बसवलेली असते आणि बाण तिच्याखालून जातो. टोक पट्टीच्या मागे सरकलं की पट्टी रायझरवर आपटते. तो आवाज ऐकला की तिरंदाज बाण सोडतो. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळला. त्याच्यासारख्या रिकर्व्ह खेळाडूला टीव्हीवर पाहताना बाणाचं टोक शेवटच्या क्षणी अगदी हळू मागे सरकताना दिसतं. तो मिलिमीटरभराचा प्रवास क्लिकरसाठीच असतो.

अर्धा इंच कमी-जास्त ओढलं तर एवढं काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं, आणि हिशेब करून पाहिल्याशिवाय ते कोणाला पटत नाही. धनुष्यावर लिहिलेला ताण बहुधा २८ इंच ओढीचा असतो. ही ओढ नॉकच्या (बाणाच्या दोरीत बसणाऱ्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून ग्रिपच्या सर्वांत खोल जागेपर्यंत मोजून त्यात पावणेदोन इंच मिळवायची रीत आहे. ४० पौंडांच्या धनुष्यात त्या पट्ट्यात एक इंच ओढ वाढली की ताण साधारण दोन ते अडीच पौंडांनी वाढतो. शिवाय दोरी बाणाला एक इंच जास्त अंतर ढकलते. दोन्ही धरून अर्ध्या इंचाने बाणाचा वेग ढोबळमानाने दोन टक्के बदलतो.

दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण सेकंदाला ५० मीटर वेगाचा बाण ३० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने पावणेदोन मीटर खाली येतो. वेग दोन टक्क्यांनी घटला की हा आकडा सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, म्हणजे बाण सात सेंटिमीटर खाली लागतो. ८० सेंटिमीटरच्या लक्ष्यावर एक कडं चार सेंटिमीटरचं असतं. निशाणा, पकड, सोडणं सगळं बरोबर असूनही जवळपास दोन कडी गेली. १८ मीटरवर हाच फरक अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो आणि ४० सेंटिमीटरच्या लक्ष्यावर कडं असतं दोन सेंटिमीटरचं.

वर-खाली होणं हा अर्धाच भाग झाला. जास्त ओढलेला बाण सुटताना जास्त वाकतो, म्हणजे मऊ काडीसारखा वागतो, आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण साधारणपणे उजवीकडे जातो. कमी ओढला की उलट. त्यामुळे ओढ स्थिर नसलेल्या माणसाचे बाण चारही बाजूंना पसरतात आणि तो बिचारा निशाण्यात चूक शोधत बसतो.

माझ्या धनुष्याला कुठला क्लिकर बसेल?

रायझरवरची पट्टी पारंपरिक धनुष्याला सहसा सोयीची पडत नाही. लाकडी हँडलला तिच्यासाठी आटे पाडलेलं भोक नसतं. बाण शेल्फवरून (हँडलवरच्या बाण टेकायच्या खाचेवरून) किंवा मुठीवरून सोडत असाल तर पट्टीचा आडवा दाब त्याला जागचा हलवतो. शिवाय सगळे बाण अगदी एका मापाचे कापलेले लागतात. लाकडी बाण वापरणाऱ्याला हे अवघड जातं.

पारंपरिक धनुष्यासाठी लिम्ब-क्लिकर घ्या. वरच्या लिम्बच्या (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याच्या) बुंध्याशी, जिथे ते कमीत कमी वाकतं तिथे, दोरीकडच्या अंगाला दुहेरी चिकटपट्टीने एक छोटी पोलादी पट्टी बसते. तिच्यापासून एक बारीक दोरा निघून प्रत्यंचेला बांधला जातो. धनुष्य ओढलं की दोरा ताठ होतो आणि पट्टी टक् करून वाजते. जत्रेत मिळणारा पत्र्याचा टिकटिक बेडूक ज्यांनी वाजवला आहे त्यांना ही रचना लगेच कळेल. बाण कितीही लांब असो, शेल्फ असो वा नसो, तिला फरक पडत नाही.

माझी खरी ड्रॉ लेंथ कशी शोधायची?

या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्या. बहुतेक लोक इथेच घाई करतात. कोणीतरी सांगतं, ‘तुझी उंची एवढी, म्हणजे ओढ अठ्ठावीस.’ हात पसरून मापाला अडीचने भागायची रीतही चालते. बाण किती लांब घ्यायचे हे ठरवायला असे अंदाज ठीक आहेत. क्लिकर लावायला ते उपयोगाचे नाहीत, कारण क्लिकरला मिलिमीटरचा हिशेब लागतो.

लांब, न कापलेला बाण घ्या. त्याच्यावर बारीक मार्करने पाव-पाव इंचावर रेघा मारा. तीन-चार मीटरवर गवती बट (बाण रुतणारा गठ्ठा) ठेवा, त्यावर लक्ष्याचा कागद लावू नका. चांगलं अंग गरम झाल्यावर नेहमीसारखं ओढा, नेहमीच्या अँकरला (ओढणारा हात चेहऱ्याला टेकतो त्या ठरलेल्या जागी) या, शेवटपर्यंत ताण वाढता ठेवून सोडा. बाजूला उभ्या मित्राने सुटण्याच्या अगदी आधी हँडलच्या पुढच्या कडेला कुठली रेघ होती ते टिपायचं. मोबाइलवर स्लो मोशन चित्रण केलंत तर आणखी बरं. तुम्हाला आकडे सांगू नका असं मित्राला बजावा. आकडा कळला की माणूस आकड्याच्या मागे जातो.

हे तीन-चार वेगवेगळ्या दिवशी करा, सकाळी ताजे असताना आणि सरावाच्या शेवटी दमलेले असतानाही. दमल्यावर ओढ किती घटते ते कळणं फार मोलाचं आहे. आकडे पाऊण इंचात इकडे-तिकडे फिरत असतील तर क्लिकर अजून लावू नका. अँकर आणि खांदे यांच्यावर काम करा. ते पाव इंचाच्या आत आले की तुमची ओढ सापडली.

एकटे असाल तर कपडे वाळत घालायच्या चिमट्याची युक्ती आहे. धनुष्याच्या पुढे, बाणाच्या काडीवर चिमटा सैलसर लावा. बाण मागे जाताना चिमटा हँडलला अडतो आणि काडीवरून टोकाकडे सरकतो. मग बाण सोडायचा नाही, बटाकडेच रोखून दोरी सावकाश परत आणायची. नॉकच्या खाचेपासून चिमट्यापर्यंत मोजलं की सर्वांत जास्त ओढ किती झाली ते कळतं.

क्लिकर नेमका कुठे वाजला पाहिजे?

अँकरला स्थिर झाल्यावर दोन-तीन मिलिमीटर ओढ शिल्लक असावी, आणि ती पाठीने पूर्ण करताना तो वाजावा. अँकरला येता-येताच वाजला तर त्याचा उपयोग शून्य, कारण तुम्ही अजून निशाण्यावर आलेलाच नाहीत. सेंटिमीटरभर शिल्लक राहिली तर तो वाजवण्यासाठी तुम्ही डोकं मागे न्याल, मनगट वळवाल किंवा पुढचा खांदा वर उचलाल. यातली कुठलीही एक सवय लागली की घालवायला महिने जातात.

दोरा लांब केला की क्लिक उशिरा येतो, आखूड केला की लवकर. प्रत्यंचेवरची गाठ दोरा बांधून पक्की करण्याआधी खालीवर सरकवून पाहा, पूर्ण ओढीत दोरा गालाला किंवा चष्म्याला लागता कामा नये. गाठ पक्की झाली की तिथे मार्करने खूण करा. प्रत्येक सरावाआधी ब्रेस हाइट, म्हणजे हँडलपासून दोरीचं अंतर, मोजायला विसरू नका. डॅक्रॉनची नवी दोरी वापरात थोडी लांबते, ब्रेस हाइट कमी होते आणि क्लिकची जागा बदलते. माणूस मात्र आपलीच ओढ बिघडली असं समजतो.

क्लिक वाजला की माझा हात दचकतो. काय करू?

हा प्रश्न क्लिकर लावलेल्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी येतो. आवाज आणि सोडणं यांची गाठ इतकी घट्ट बसते की कान ऐकायच्या आधी बोटं उघडतात, किंवा आवाजासरशी हात झटका घेऊन पुढे कोसळतो. क्लिक झाल्यावर ओढ वाढत राहिली पाहिजे. ती तिथे थांबली की बाण पुढे सरकतो, आणि ज्यासाठी हा खटाटोप केला ती लांबीच हरवते.

उपाय म्हणजे क्लिक ऐकूनही न सोडायची सवय. जवळच्या बटावर, कागद न लावता, ओढा, क्लिक वाजवा, दोन सेकंद तसेच ताणून धरा आणि मग सोडा. दुसऱ्या दिवशी क्लिकनंतर काही बाण सोडूच नका, परत आणा. मित्र असेल तर क्लिक वाजल्यावर त्याने ‘सोड’ किंवा ‘धर’ म्हणावं, मनाला येईल तसं. आवाज हा हुकूम राहत नाही, ती बातमी होते, आणि निर्णय परत तुमच्याकडे येतो. मी शिकवताना यावर हट्टाने वेळ घालवतो. मुलं कंटाळतात, पालकही विचारतात की लक्ष्यावर कधी मारणार. तरी हे टाळू नका.

ताण वाढवायचा कशाने, हेही इथेच सांगायला हवं. दंडाच्या जोराने ओढून क्लिकर वाजवता येतो, पण दंड दोन मिलिमीटर इतक्या हळू सरकवू शकत नाही. तो धक्के देतो. ओढणाऱ्या हाताचं कोपर पाठीमागे गोल फिरतंय आणि खवाटा पाठीच्या कण्याकडे सरकतोय, असं जाणवलं पाहिजे. बोटं आणि मनगट सैल. पुढचा हात लक्ष्याकडे पोहोचतो, तो ढकलत नाही. धनुष्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबने आरशासमोर हे रोज पाच मिनिटं करा, लवकर कळेल.

आणि क्लिक येतच नाही तेव्हा?

चार-पाच सेकंदांत आला नाही तर बाण परत आणा. पुन्हा श्वास, पुन्हा ओढ. दात-ओठ खाऊन वाजवलेला क्लिक वाईट बाणच देतो. जागतिक स्पर्धेच्या वैयक्तिक सामन्यात एका बाणाला २० सेकंद मिळतात, त्यातही परत आणून पुन्हा ओढायला वेळ असतो. दर दुसऱ्या बाणाला असं होत असेल तर क्लिकर फार मागे बसलाय किंवा धनुष्य तुमच्या ताकदीपेक्षा जड आहे. बहुतेक वेळा दुसरंच कारण असतं. ३० पौंड नीट ओढणारा माणूस ४५ पौंड अर्धवट ओढणाऱ्यापेक्षा चांगला तिरंदाज असतो.

टार्गेट पॅनिकवर क्लिकर औषध आहे का?

पारंपरिक तिरंदाज क्लिकरकडे येतात ते बऱ्याचदा यासाठीच. बाण मध्याकडे आला की बोटं आपोआप उघडतात, अँकरला पोचण्याआधीच बाण सुटतो, किंवा निशाणा मध्याच्या खाली अडकतो आणि वर नेताच येत नाही. ‘मध्य दिसला’ आणि ‘सोडलं’ यांची मनात जोडी जमलेली असते. क्लिकर मध्ये येऊन ती तोडतो. आता सोडण्याची खूण डोळ्याकडून नाही, कानाकडून येते, आणि ती पूर्ण ओढीशिवाय येऊच शकत नाही.

मात्र वर सांगितलेला ‘क्लिकनंतर धर’ हा सराव केला नाही तर काही महिन्यांत पॅनिक क्लिकरवर सरकतं. मग माणूस क्लिकच्या भीतीने थरथरतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी लक्ष्याचा कागद पूर्ण काढून फक्त बटावर, जवळून, क्लिकरसह सराव सुरू करावा आणि अंतर फार सावकाश वाढवावं. ही दुखणी लाजायची नाहीत. चांगले चांगले तिरंदाज यातून गेलेले असतात.

स्पर्धेत चालतो का?

वर्ल्ड आर्चरीच्या नियमांत रिकर्व्ह गटात क्लिकर चालतो, विजेवर चालणारा नसला की झालं. बेअरबो (निशाण्याचं साधन न लावलेला रिकर्व्ह) आणि लाँगबो गटांत ओढ तपासणारं कुठलंही साधन चालत नाही. म्हणून पारंपरिक धनुष्य घेऊन स्पर्धेला जाणाऱ्यांनी सरावात वापरावा आणि स्पर्धेपूर्वी पुरेसा आधी काढावा, आदल्या रात्री नव्हे. स्थानिक स्पर्धांची नियमावली मागवून वाचा, प्रत्येक आयोजकाचे गट सारखे नसतात.

कंपाउंडला का लागत नाही?

कंपाउंड धनुष्याच्या टोकांना कॅम, म्हणजे चाकं, असतात. त्यांच्यामुळे ओढीला ठाम शेवट असतो, त्यापुढे दोरी जातच नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडचे विश्वविजेते झाले. त्यांच्या धनुष्यावर तुम्हाला क्लिकर सापडणार नाही.

अंगठ्याने ओढतो, घोडेस्वारांचं धनुष्य आहे. मला उपयोग?

होय, लिम्ब-क्लिकर तिथेही चालतो. अंगठ्याची ओढ गालाच्या मागे, कानापर्यंत जाते. हनुवटीसारखा घट्ट आधार तिथे नसतो, म्हणून ओढ घटायची शक्यता उलट जास्त. फक्त दोरा लांब लागेल, आणि अशा आखूड धनुष्यांची लिम्ब जवळजवळ बुंध्यापासून वाकतात, तेव्हा क्लिकर हँडललाच चिकटवलेला बरा.

मुलांना केव्हा लावावा?

वाढत्या वयात हात लांबतात, खांदे रुंदावतात आणि ओढ बदलत राहते. अँकर पक्का झाल्याशिवाय लावू नका, आणि लावल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी माप पुन्हा घ्या. जुन्या मापावर अडकलेला क्लिकर मुलाला आखडून ओढायला शिकवतो. मुलांचे बाण ओढीपेक्षा दोन-तीन इंच लांबच असावेत. आखूड बाण जास्त ओढला गेला तर टोक हँडलच्या मागे येऊन हातावर पडतं आणि सुटलं तर मुठीत घुसतं. इथे काटकसर करू नका.

पुण्याच्या हवेचा काही परिणाम होतो?

होतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहा अंशांच्या आसपास असतो. आखडलेल्या पाठीने पहिले दहा-पंधरा बाण क्लिकर जागचा हललाय असं वाटतं. त्याला हात लावू नका, अंग गरम करा. पावसाळ्यात सुती दोरा ओलसर होऊन माप बदलतो, म्हणून क्लिकरला विणलेला नायलॉनचा किंवा मासेमारीचा न ताणणारा दोरा वापरा. चिकटपट्टी लावण्याआधी लिम्ब स्पिरिटने पुसा, आणि जूनपासून दर आठवड्याला तिच्या कडा तपासा. एप्रिल-मेमध्ये धनुष्य बंद गाडीत ठेवू नका. क्लिकरची पट्टी सुटणं ही मग सर्वांत लहान हानी असेल. लॅमिनेटेड लिम्बचे थरच उकलू शकतात.

घरी बनवता येईल का?

रायझरच्या पट्टीसाठी गॅरेजवाले वापरतात त्या फीलर गेजचं एखादं पातं उत्तम. ते स्प्रिंग स्टीलचं असतं आणि आवाजही खणखणीत देतं. बोहरी आळीत किंवा कुठल्याही हत्यारांच्या दुकानात मिळेल. कडा कानसने घासून घ्या, नाहीतर बाणाची काडी खरवडली जाते. लिम्ब-क्लिकर मात्र विकतचाच घ्या. घरच्या पट्टीचा क्लिक रोज एकाच जागी येईल याची खात्री नसते, आणि आपल्याला हवी आहे तीच खात्री.

सराव कुठे करू? गच्चीवर चालेल?

गच्चीवर नको, सोसायटीच्या आवारात नको, तळजाई किंवा वेताळ टेकडीवर तर अजिबात नको. तिथे पहाटेपासून माणसं फिरतात, मोर असतात. चुकलेला बाण शंभर मीटरपलीकडे सहज जातो. रीतसर तिरंदाजीच्या मैदानावर जा, मागे पुरेशी रिकामी जागा किंवा बाण अडवणारी जाळी आहे का पाहा. घरी ट्यूबने ओढा, किंवा क्लिकर लावलेलं धनुष्य बाणाशिवाय ओढून परत आणा. ते करताना दोरी हातातून कधीही सोडायची नाही, रिकामं सोडलेलं धनुष्य मोडतं.

क्लिकरशिवाय ओढ तपासायची काही खूण?

दोन खुणा ठेवा, एक पुरत नाही. बोट ओठांच्या कोपऱ्याला आणि त्याच वेळी पिसाची कड नाकाच्या टोकाला, हा जोड अनेकांना मानवतो. अंगठ्याचं पेर जबड्याच्या हाडामागे टेकवणं हीसुद्धा चांगली खूण. पण चेहऱ्यावरची खूण चेहरा स्थिर असेल तरच खरी, मान पुढे झुकली की ओढ कमी होऊनही खूण जुळते. म्हणून अधूनमधून रेघांचा बाण काढून माप घेत जा.

कायम ठेवू की काही महिन्यांनी काढू?

बेअरबो किंवा लाँगबो खेळायचा असेल तर काढावाच लागेल. तेव्हा एकदम काढू नका. एका दिवशी अर्धे बाण क्लिकरसह, अर्धे दोरा सोडवून. दोरा सोडवलेल्या बाणांना मनातल्या मनात क्लिकची वाट पाहा आणि तेवढाच वेळ पाठ चालू ठेवा. आठवड्यातून एकदा मित्राकडून ओढ मोजून घ्या. ती पाव इंचाच्या आत टिकली तर क्लिकरचे बाण कमी करा, पसरली तर वाढवा. फक्त स्वतःच्या आनंदासाठी खेळत असाल आणि क्लिकर आवडत असेल, तर तो काढायचं काहीच कारण नाही.